ओढणी कोणी उचलायची?

मला दोन भाषा सारख्याच चांगल्या येतात, आणि माझ्या वकिलीतले निम्मे घोटाळे त्यामुळेच झाले. एकच भाषा येणारा माणूस सुखी. त्याला जे कळत नाही ते कळत नाही, आणि तो आपला पुढच्या कामाला लागतो. मला दोन्हीकडचं कळायचं, आणि मग कुठलंच धड कळलं नाही असं वाटत राहायचं. अजून वाटतं. संपादकांनी ‘तुमचे गाजलेले खटले’ मागितले आहेत. गाजलेला एकही नाही. डोक्यात अजून वाजत राहिलेला एक आहे, तो सांगते. वाचून कुणाला उलगडा झाला तर मलाही कळवा.

माझा जन्म कराचीचा. वडील तिथे बंदराच्या कचेरीत कारकून होते. आमच्या बिऱ्हाडाच्या दोन्ही बाजूंना सिंधी कुटुंबं, त्यामुळे भातुकलीतली भांडणं सिंधीत आणि आईचा मार मराठीत, अशी माझी वाढ झाली. फाळणी झाली, बोटीने मुंबईला आलो आणि चिंचवडला काकांच्या घरी येऊन पडलो. शेजारीच पिंपरीला निर्वासितांचा कॅम्प उभा राहत होता. गावातल्या बायका मला ‘ती पाकिस्तानातली’ म्हणायच्या, कॅम्पातल्या बायका म्हणायच्या, ‘ही आपलीच, फक्त लुगडं मराठी.’ मी कोणाची, हे माझं मलाच ठरवता येत नव्हतं, तिथे त्यांना काय बोलायचं!

पुण्यात कायदा शिकले आणि अण्णासाहेब म्हणून एक जुने वकील होते त्यांच्या हाताखाली लागले. नाकावर चष्मा, तोंडात लवंग, आणि बोलणं असं की समोरच्या वकिलाला आपण हरतोय हे घरी गेल्यावर कळावं. बायकांच्या मारहाणीचे अर्ज ते माझ्याकडे ढकलायचे. म्हणायचे, “ह्यात कीर्ती नाही, फी नाही, आणि पक्षकार कधी पलटेल त्याचा नेम नाही. तुमच्यासारख्या चिवट माणसाचं काम आहे.” ही स्तुती होती की काय होतं, कोण जाणे.

बाहेरच्यांना वाटतं, असल्या खटल्यात वळ दाखवला की झालं. तसं नव्हतं. मार खाल्लेल्या बाईला तेव्हा दार एकच, पोटगीच्या अर्जाचं. त्यात नवरा उभा राहून एक वाक्य बोलायचा: “साहेब, मी हिला नांदवायला तयार आहे.” कोणीतरी पढवून पाठवल्यासारखे सगळे नवरे हेच बोलत. तो असं बोलला की सगळं ओझं बाईवर. नांदायला का जात नाहीस ते सांग, छळ झाला म्हणतेस तर साक्षीदार आण. आता चुलीपुढे झालेल्या गोष्टीला साक्षीदार कोण? चूल. शिवाय बाईने पहिल्या दिवशी सांगितलेली हकिकत आणि तारखेला सांगितलेली हकिकत यांचा मेळ क्वचित बसायचा. ती खोटं बोलायची असं नाही. मधल्या दिवसांत तिला आई, भाऊ, दीर, गावचा पाटील असे सगळे येऊन भेटून गेलेले असायचे.

नमुना म्हणून चाकणजवळच्या एका वाडीतल्या हौसाबाईंचं सांगते. नवरा दगडू, त्याने त्यांचा पुढचा दात पाडला होता. खेडच्या कोर्टात तारीख. त्या वाडीवरून खेडला येणारी एसटी एकच, त्यामुळे फिर्याद करणारी आणि ज्याच्यावर फिर्याद झाली तो, दोघं एकाच गाडीतून उतरली. मी पोचले तेव्हा कोर्टाच्या आवारात लिंबाखाली दोघं एका फडक्यातली भाकरी खात बसलेली. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी ते खिडकीतून पाहिलं होतं. ते म्हणाले, “बाई, ह्याने दात पाडला म्हणता आणि ह्याच्याचबरोबर जेवता?”

हौसाबाई म्हणाल्या, “मंग काय उपाशी ठिऊ व्हय त्याला? सकाळधरनं पोटात काय न्हाई त्याच्या. दात पाडला त्यो इषय न्यारा हाय.”

दगडू हात जोडून म्हणाला, “तसं न्हाई सायेब. मारला न्हाई म्या. वाईच हात लागला.”

“आन् ह्यो दात वाईच पडला!” हौसाबाई म्हणाल्या. सगळं कोर्ट हसलं. मीही हसले, आणि मग मला वाईट वाटलं, कारण त्या हसत नव्हत्या. अर्ज मंजूर झाला, त्या भावाकडे राहायला गेल्या. सुगीला आपण होऊन नांदायला परत. पुढे कधीतरी दगडू माझ्याकडे आला, बांधावरच्या कज्ज्यात मला वकीलपत्र द्यायला. “बाई, तुमीच घ्या. आमच्या घरातलं समदं तुमास्नी ठावं हाय.” मी नाही म्हटलं तर त्याला खरंच वाईट वाटलं. तुम्हीच सांगा, मी काय समजायचं?

तर, जमना.

औषधांच्या कारखान्याचं बांधकाम चालू होतं ते दिवस. पिंपरीकडून चिंचवडला येताना वाटेत सगळं खणून ठेवलेलं. तेवढी माती तुडवत एक बाई दुपारी आमच्या दारात आली, कडेवर मुलगी. मुलीचं नाव गोपी, नुकतीच चुरूचुरू बोलायला लागलेली. बाई हिंदीत काहीतरी जुळवायला लागली. मी सिंधीत म्हटलं, “बस. पाणी घे.” त्याबरोबर ती उंबऱ्यावरच बसली आणि रडायला लागली. कॅम्पात आल्यापासून बाहेरच्या कोणाच्या तोंडून आपली भाषा तिने ऐकली नव्हती म्हणे. सिंधीत बहिणीला ‘अदी’ म्हणतात. त्या दिवसापासून मी कॅम्पाची अदी झाले. (ह्यापुढे ती माणसं जे बोलली ते मी मराठीत सांगते आहे. मूळ सगळं सिंधीत.)

नवरा वासुमल. सिंधमध्ये हैदराबादेला त्याच्या बापाचं कापडाचं दुकान होतं. इथे तो हातगाडीवर परकर-पोलक्यांचे तुकडे विकायचा. संध्याकाळी परतला की काहीतरी निमित्त काढून जमनाला मारायचा. घरात तिसरं माणूस म्हणजे त्याची आई. सगळा कॅम्प तिला अम्मा म्हणायचा. जमनाचा सगळ्यांत जास्त राग तिच्यावर.

“तो मारायला लागला की ती बाहेर जाते आणि दाराची कडी धरून उभी राहते,” जमना म्हणाली. “कोणी सोडवायला आलं तर सांगते, काही नाही, भांडं पडलं.”

“तू काय करतेस?”

“मी ओरडत नाही. गोपी उठेल ना.”

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. ती आता कॅम्पातच एका विधवा बाईच्या खोलीत राहायला गेली होती. वासुमलने निरोप धाडला होता: तू कुठेही जा, मुलगी माझी, तिला मी अजमेरला माझ्या बहिणीकडे पाठवणार. म्हणजे जमनापुढे दोनच वाटा, मार खायला परत जा नाहीतर गोपीला विसर. तिचं वेगळं राहणं योग्य आहे असं कोर्टाने म्हटलं तरच गोपीला जवळ ठेवायला तिला काही आधार होता. म्हणून आम्ही अर्ज केला.

अर्जाआधी मी एकदा वासुमल गाडीवर गेलेला असताना त्याच्या खोलीवर गेले. घर बघितल्याशिवाय मला घराचा खटला चालवता येत नसे. अण्णासाहेब त्याला चोंबडेपणा म्हणत. अम्मा दारात पापड लाटत होती. उंच, सडपातळ म्हातारी, पांढरी ओढणी केसांच्या रेषेपर्यंत ओढलेली. एका हाताने लाटत होती. दुसरं मनगट फडक्याने बांधलेलं. मी विचारलं, तर म्हणाली, “नळावर शेवाळ आहे. घसरले.” मग म्हणाली, “माझा मुलगा वाईट नाही. त्याचा देश गेला.” मला राग आला. देश जमनाचाही गेला होता, तिने कोणाला मारलं होतं? पण तसं बोलले नाही. म्हातारीने निघताना मला पापड दिला, आणि तो मी खाल्ला. शत्रुपक्षाचा पापड खाणारी वकील मीच असेन.

मग कॅम्पाच्या पंचायतीचे प्रमुख, ज्यांना ते लोक मुखी म्हणतात, ते घरी आले. चांगले सभ्य गृहस्थ. “अदी, आमचं सगळं गेलं, अब्रू तेवढी राहिली. घरातलं घरात राहू दे.” त्याच आठवड्यात चाकणकडचा एक पाटील दुसऱ्या कोणासाठी आला आणि अगदी हेच बोलला, फक्त ‘अदी’ ऐवजी ‘बाई’ आणि ‘राहू दे’ ऐवजी ‘ऱ्हाऊ द्या’. एवढी मी दोन भाषा शिकले, पण दोहोंत बायकांना सांगायचं एकच ठरलेलं होतं. दोन्ही वेळा मी चहा दिला.

आता एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. कराचीत आमच्या शेजारी दोन भावांचं वाटणीवरून भांडण झालं होतं, इतकं की एकाने दुसऱ्याच्या घरचं पाणी सोडलं. शेवटी त्यांची म्हातारी आत्या आली आणि तिने काही न बोलता डोक्यावरची ओढणी उतरवून धाकट्याच्या पायाशी ठेवली. पुरुष असेल तर पगडी, बाई असेल तर ओढणी. मोठ्या माणसाने डोक्यावरचं तुमच्या पायाशी ठेवलं की शब्द संपले. ज्याच्या पायाशी ठेवलं त्यानेच ते उचलायचं आणि परत त्या डोक्यावर घालायचं. घातलं म्हणजे मागणं मान्य. पाय मागे घेतला तर त्या माणसाला मेल्याहून मेल्यासारखं केलं, आणि ते पाप सात पिढ्या फिटत नाही म्हणतात. तो धाकटा भाऊ ओढणी उचलताना ओक्साबोक्शी रडला होता. मी परकर सावरून भिंतीवर बसून हे पाहिलं होतं.

पुण्याच्या कोर्टात अर्ज उभा राहिला. मॅजिस्ट्रेट नव्या दमाचे, न्यायाची चाड असलेले, पण सिंधीचा गंध नाही. दुभाष्या म्हणून मुखींनी आपला पुतण्या धाडला होता. जमना पिंजऱ्यात उभी राहिली आणि म्हणाली, “ह्याने तापलेला चिमटा माझ्या दंडाला लावला.” पुतण्या मराठीत म्हणाला, “चिमट्यावरून दोघांचं बोलणं झालं.”

मी ताडकन उठले. “साहेब, ती असं म्हणाली नाही!”

“मग काय म्हणाली?”

मी सांगितलं. समोरचे वकील उठले, वकीलच दुभाषी झाला तर आम्ही घरी जाऊ का, म्हणून. त्यांचं चूक नव्हतं. पुढच्या प्रश्नाला पुतण्याने पुन्हा तेच केलं, मी पुन्हा उठले. साहेबांनी लेखणी खाली ठेवली. “बाई, एकतर तुम्ही वकील व्हा नाहीतर दुभाषी. दोन्ही खुर्च्यांवर बसता येणार नाही.”

इकडे आड तिकडे विहीर. वकील राहिले तर ती जे बोलेल ते साहेबांच्या कानापर्यंत पोचणार नाही. दुभाषी झाले तर तिच्या बाजूने तोंड उघडता येणार नाही. मी जमनाला विचारलं. ती म्हणाली, “वकील दुसरा मिळेल. माझं बोलणं दुसरं कोण बोलेल?” मी काळा कोट उतरवला, वकीलपत्र अण्णासाहेबांकडे गेलं आणि मी शपथ घेतली: जे बोललं जाईल ते कमी न करता, जास्त न करता सांगेन.

शपथ घेणं सोपं, पाळणं अवघड. अण्णासाहेबांनी जमनाला विचारलं, हा नेहमीच असा मारायचा का? ‘हो’ एवढंच हवं होतं. जमना म्हणाली, “नाही. हैदराबादेला तो माझ्यावर आवाजही चढवत नसे. मला ताप आला तर रात्रभर पंखा हलवायचा. इथे आल्यावर तो कोण झाला ते मला कळत नाही.” समोरचे वकील कागदावर काहीतरी खरडायला लागले. अण्णासाहेब माझ्याकडे चष्म्यावरून बघत होते, म्हणजे थोडं आवरा. मी शब्दन् शब्द सांगितलं. बोलताना माझाच आवाज मला परका वाटत होता. तिच्या खटल्यावर मी स्वतःच्या हाताने पाणी ओततेय की काय, असं वाटलं.

मग वासुमलच्या बाजूने अम्मा आली. सगळ्यांना ठाऊक होतं ती काय सांगणार. कडी धरणारी बाई दुसरं काय सांगणार? वासुमल पहिल्याच बाकावर बसला होता, आईकडे बघत. त्याच्या वकिलांनी विचारलं, “तुमचा मुलगा सुनेला मारायचा का?”

मी सिंधीत विचारलं. अम्मा गप्प. पुन्हा विचारलं. गप्प. मग ती पिंजऱ्यातून उतरली. पट्टेवाला “ओ आजी, ओ आजी” करत पुढे झाला, पण ती जमनापाशी पोचली होती. तिने ओढणी डोक्यावरून काढली. विरळ पांढरे केस, मधे टाळू दिसत होती. ओढणीची घडी करून तिने ती जमनाच्या पायाशी ठेवली आणि तशीच वाकून उभी राहिली.

कोर्टात कुजबूज. कोणी म्हणालं, म्हातारीला भोवळ आली. कोणी म्हणालं, पाया पडतेय, बघा, सासू सुनेच्या. साहेबांनी मला विचारलं, “हे काय चाललंय? काय म्हणतेय ती?”

त्या खोलीत ह्याचा अर्थ कळणारी माणसं म्हणजे मी आणि थोडे सिंधी, एवढीच. ती घरी चल म्हणतेय, आणि जमनाला नाही म्हणता येणार नाही. मी हे साहेबांना सांगितलं तर ते खूश होऊन म्हणणार, वा, समेट होतोय, आणि आजच जमना मुलीसकट त्या कडीच्या आत जाणार. तिने पाय मागे घेतला तर कॅम्पात तिला कोणी दारात उभं करणार नाही. जमना माझ्याकडे बघत होती. तिचे डोळे काय सांगत होते ते मला आजही सांगता येत नाही. सांगू नको म्हणत होते की सांग म्हणत होते?

मी म्हटलं, “साहेब, ती काही बोललेली नाही.”

हे अक्षरन् अक्षर खरं होतं. जे बोललं जाईल ते सांगायची माझी शपथ होती, आणि बोललं काहीच गेलं नव्हतं.

साहेब वैतागून म्हणाले, “त्यांचं वस्त्र त्यांना द्या आणि बाहेर बसवा.” पट्टेवाल्याने ओढणी उचलली, झटकली आणि म्हातारीच्या हातात दिली. “घ्या आजी, पडली होती.” भला माणूस होता बिचारा. सिंध्यांच्या बाकावरून एक बारीक सुस्कारा ऐकू आला. ज्याने उचलायची त्याने उचलली नाही, ज्याने लाथाडायची त्याने लाथाडली नाही, भलत्यानेच उचलली. ह्याला काय म्हणायचं ते त्यांच्या रीतीतही नव्हतं. अम्मा ओढणी हातात धरून बाहेर गेली. डोक्यावर घेतली नाही.

अर्ज मंजूर झाला. निकालात साहेबांनी म्हटलं की, मुलाला वाचवण्यासाठी आणलेली आईदेखील ‘त्याने मारलं नाही’ असं म्हणू शकली नाही, ह्यातच सगळं आलं. अण्णासाहेबांनी नेमका हाच मुद्दा मांडला होता. जमनाचं वेगळं राहणं कोर्टाने मान्य केलं, आणि वासुमलने गोपीच्या अजमेरचं नावही पुन्हा काढलं नाही. मी खूश होते. पेढे आणले होते, ते घेऊन जमनाकडे गेले.

तिने पेढा हातात घेतला आणि तसाच धरून ठेवला. “अदी, तुला कळलं होतं ना?”

“हो.”

“मग का नाही सांगितलंस?”

“तू परत गेली असतीस, जमना.”

“गेले असते की नसते, ते मला कुठे ठाऊक होतं? मी ठरवतच होते. तेवढ्यात त्या माणसाने ओढणी उचलली.” मग म्हणाली, “तू मला वाचवलंस. तुझे उपकार आहेत.” असं बोलून तिने पेढा गोपीला दिला.

मला तेव्हा तिचा थोडा रागच आला. एवढं करून वर हे! बसने परत येताना मी मनात तिच्याशी भांडले, मग स्वतःशी, मग त्या पट्टेवाल्याशीसुद्धा. मी दुभाषी म्हणून बरोबर होते. वकील म्हणूनही बरोबर होते, अण्णासाहेब तसं म्हणाले. मग जिला सोडवलं ती माझ्याकडे अशी का बघत होती? लहानपणी आम्ही ‘तळ्यात-मळ्यात’ खेळायचो. तळ्यात म्हटलं की मळ्यात, मळ्यात म्हटलं की तळ्यात, शेवटी आपण कुठे उभे आहोत तेच कळेनासं व्हायचं. ते तसं झालं होतं.

पुढे बरेच महिने मी कॅम्पाकडे फिरकले नाही. खेडच्या तारखा, पुण्याच्या तारखा. अम्मा तेव्हापासून उघड्या डोक्याने हिंडते, एवढं कानावर आलं होतं. लोक म्हणत, म्हातारीला चळ लागलाय. सिंधी म्हातारी आणि उघडं डोकं म्हणजे आपल्याकडच्या सवाष्णीने कुंकू पुसून हिंडावं तसं.

मग एकदा संक्रांतीच्या सुमाराला जमनाचा निरोप आला, येऊन जा. तिला आता स्वतःची खोली मिळाली होती. बाहेर बाजेवर पापड वाळत घातलेले, गोपी कावळे हाकत होती. आत शिरले तर पोळपाटापाशी अम्मा. दोन्ही हातांनी लाटत होती. डोक्यावर ओढणी.

मी दारातच थबकले. जमना हसली. “ये ना. कडी नाही लावत आता ती.”

मग तिने सांगितलं. थंडी पडायला लागली तेव्हा एका सकाळी अम्मा तिच्या दाराशी आली होती, ओठ फुटलेला. काही बोलली नाही. पुन्हा तशीच ओढणी जमनाच्या पायाशी ठेवली. “ह्या वेळी मधे कोणी नव्हतं,” जमना म्हणाली. “मी उचलली.”

म्हणजे शेवाळ नव्हतं. मनगट नळावर मोडलं नव्हतं. जमना पुढे सांगत होती, की घरात शिरण्याआधी तो म्हातारीला बाहेर गाठून दम द्यायचा, आणि कडी धरून उभी राहिली नाहीस तर आत ये, तुझीही पाळी आहे, म्हणायचा. जमनालाही हे आत्ता कळलं होतं. एका खोलीत राहून म्हातारीने ते सुनेपासून झाकलं होतं, सून सासूला कैदाशीण समजत होती, आणि मी, दोन्ही भाषा येणारी, घर बघितल्याशिवाय खटला न चालवणारी, तिच्या हातचा पापड खाऊन आले होते.

मी अम्माजवळ बसले. विचारू की नको असं झालं, तरी विचारलं. “अम्मा, त्या दिवशी कोर्टात तुम्ही जमनाला घरी चल म्हणत होता ना?”

अम्माने लाटणं थांबवलं. “त्या घरात चल, असं कोण म्हणेल? मी म्हणत होते, मलाही तुझ्याबरोबर ने.”

मग मी वकिलासारखा प्रश्न विचारला, सवयच ती. “मग तोंडाने का नाही बोललात? मी विचारलं होतं तुम्हाला, दोनदा.”

“मुलगा समोर बसला होता. आईने त्याच्या तोंडावर कसं बोलायचं?” तिने पिठाची बोटं ओढणीला लागणार नाहीत अशी धरून मनगटाने ती पुढे सारली आणि माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात राग असता तर मला बरं वाटलं असतं.

“आणि तू होतीस ना तिथे, आमच्यातली,” ती म्हणाली. “मला वाटलं, तू सांगशील.”